पाणी कुठवर आलं होतं? सांगलीत पहिलं घर घेतल्याचे अनुभव

पाच घरांची भाडेकरू

लग्नानंतर अकरा वर्षांत पाच भाड्याची घरं झाली. दर वेळी सामान हलवायला एकच टेम्पोवाला. पाचव्यांदा कपाट उचलताना तो म्हणाला, "ताई, आता घ्या की स्वतःचं. माझं बी वय झालं." २०२२ च्या दिवाळीनंतर विश्रामबागेच्या बाजूला जुन्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. त्या सहा महिन्यांत जे शिकले ते आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून हा धागा. आपापलं लिहा. फसला असाल तर तेही लिहा, फक्त कुणाचं नाव घेऊ नका.

माझं आधी. व्यवहार ३२ लाखांचा. आम्ही सरळ हिशेब मांडला होता: बँक ऐंशी टक्के देणार, म्हणजे २५ लाख ६० हजार, उरलेले आपले. मग बँकेचा माणूस येऊन भिंती ठोकून गेला आणि घराची किंमत काढली २९ लाख. इमारत जुनी, लिफ्ट नाही. ऐंशी टक्के या आकड्याचे, म्हणजे २३ लाख २० हजार. एका कागदानं २ लाख ४० हजारांचा खड्डा पडला. विसार देऊन बसलो होतो, त्यामुळे माघारही नाही. माझी भिशी, नवऱ्याच्या कुपवाडच्या कारखान्यातली सोसायटी आणि धाकटा दीर, या तिघांनी तो बुजवला. दिराचे अजून थोडे द्यायचेत.

एक गोष्ट मात्र बरोबर केली. घर एकटीच्या नावावर घेतलं. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळं धरून सहा टक्के, फक्त बाईच्या नावावर असेल तर पाच. ३२ हजार वाचले. नवऱ्याचं नाव जोडीला घातलं की ही सवलत गेली. कर्जात तो सहकर्जदार आहेच, त्याला हरकत नसते. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही. सासऱ्यांनी "तिच्या एकटीच्या?" असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा नवऱ्यानं ३२ हजार हा आकडा सांगितला.

नदीकाठचा

ताई, सगळं सांगितलंत, पण सांगलीत घर बघताना पहिला प्रश्न विचारतात तो राहिला. पाणी कुठवर आलं होतं?

मी गावभागातला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी चाळीस फूट म्हणजे पुराचा इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे आम्हाला पाढ्यांच्या बरोबरीनं पाठ. २००५ ला पाणी आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबलं. वडिलांनी तिथं खिळ्यानं रेघ मारून ठेवली होती. त्या रेघेवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. २०१९ च्या ऑगस्टात गाद्या, धान्य, टीव्ही सगळं त्या रेघेच्या हातभर वर ठेवलं आणि निवांत चहा घेत बसले. आयर्विन सत्तावन्नच्या वर गेलं. आम्ही पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बोटीत उतरलो. आई शेवटपर्यंत लोणच्याची बरणी सोडत नव्हती. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, परत. तेव्हा वडील स्वतःच म्हणाले, बघ बाबा कुठंतरी वर.

वर बघायचं म्हणजे काय, तर एजंटाला विचारायचं नाही. प्रत्येक एजंटाच्या मते त्याच्या फ्लॅटपासून पाणी "दोन गल्ल्या लांब" थांबलेलं असतं. मी तीन गोष्टी बघायचो. एक, पार्किंगमधले लाइटचे मीटर. डोक्याच्या वर, शिडी लागेल इतक्या उंच असले तर समजून जायचं की कधीतरी ते बुडालेत. दोन, तळमजल्याच्या भिंतींना कमरेपर्यंत टाइल्स. कुणी शोभेसाठी पार्किंगला टाइल्स लावत नाही. तीन, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. त्याला खोटं बोलून काही मिळत नाही.

अजून एक. नदी लांब आहे म्हणून खूश होऊ नका. पाणी नदीकडून येण्याआधी नाल्यातून आणि गटारातून उलटं येतं. कागदावर बघायचं तर नगररचना विभागातून झोन दाखला (जागा कशाच्या वापरासाठी आहे ते सांगणारा) काढा आणि विकास आराखड्यात निळी (नेहमीच्या पुराची) आणि लाल (मोठ्या पुराची) पूररेषा कुठून जाते ते बघा. पण रेघ नकाशावर असते. आमची जिन्यावर होती, तीही खोटी ठरली.

शेवटी वानलेसवाडीच्या बाजूला घेतलं. वडील अजून रोज पेपरात आयर्विनची पातळी बघतात.

मिरजकर

उंचावर घेतलंय. पुराचं पाणी येत नाही. नळाचंही येत नाही.

दीड गुंठा

सगळे फ्लॅटचं बोलताय, आमचं प्लॉटचं ऐका. जरा मोठं आहे.

वडिलांनी १९९७ ला दीड गुंठा घेतला. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे मला गणिताच्या आधी कळलं. रान काळं, ले-आउट नाही, एन.ए. (बिगरशेती परवानगी) नाही. शेतकऱ्यानं दोरी धरून तुकडे पाडले, मध्ये बारा फुटी बोळ सोडला आणि तोच रस्ता. कागद म्हणजे स्टँपपेपरवरचा करार आणि नोटरीचा शिक्का. तेव्हा अख्खी सांगली अशीच वाढत होती, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. वडील हमाल पंचायतीच्या बैठकीतनं थेट तिकडं गेले आणि सही करून आले. वीस ट्रॉल्या मुरूम टाकला. पहिल्या पावसाळ्यात तो मुरूम कुठं गेला ते आजतागायत कळलं नाही. शाळेत असताना चप्पल हातात घेऊन हमरस्त्यापर्यंत जायचो आणि पानटपरीच्या नळावर पाय धुऊन ती घालायचो.

२०१४ ला तिथं पक्कं घर बांधायचं ठरलं तेव्हा बँकेत गेलो. साहेबांनी फाइल उघडली, नोटरी बघितली आणि मिटली. चहा मात्र पाजला. सात-बारावर मूळ मालकच, आमचं नाव कुठंच नाही. म्हणजे सतरा वर्षं आम्ही ज्याला आमची जागा म्हणत होतो ती कागदोपत्री दुसऱ्याचीच.

मग गुंठेवारी नियमितीकरण. २००१ चा कायदा आहे, त्या सालाच्या आधी पडलेले तुकडे विकास शुल्क भरून नियमित करून घेता येतात. (नंतर २०२१ मध्ये मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतचे घेतले.) वाचायला सोपं आहे. आधी मूळ शेतकऱ्याकडून नोंदणीकृत खरेदीखत पाहिजे. तो वारलेला. त्याची तीन मुलं, दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. धाकटा म्हणाला, आता दर वाढलाय, वरचे पैसे द्या. द्यायचे नव्हते, दिले. मग इंजिनिअरकडून नकाशा, जागेवर मोजणी. त्यात कळलं की बोळातला दोन फूट भाग आमच्या कुंपणात आहे. कुंपण मागं घेतलं. शेजारी हसले, त्यांच्या मोजणीत ते साडेतीन फूट निघाले.

प्रमाणपत्र हातात पडायला पावणेतीन वर्षं गेली. तोवर वडील एका पतसंस्थेकडून तेरा टक्क्यांनी उचलून पाया भरून मोकळे झाले होते. प्रमाणपत्र मिळाल्यावर ते कर्ज बँकेत फिरवलं, नऊच्या आत व्याज बसलं. ज्यांना आज कुणी "नोटरीवर देतो, स्वस्तात आहे" म्हणतंय त्यांनी एवढंच करावं: सात-बारा काढा आणि त्यावर विकणाऱ्याचं नाव तरी आहे का बघा.

पाच घरांची भाडेकरू

दीड गुंठा, चप्पल हातात घेऊन जाणं वाचून आमच्या शाळेतली निम्मी पोरं आठवली. पावसाळ्यात उशीर झाला की मी रागवायचे. आता वाईट वाटतं.

पुणे-सांगली अप-डाऊन

मी पुण्यात नोकरी करते, घर मुद्दाम सांगलीत घेतलं. पुण्यात त्या पैशात पार्किंगही आलं नसतं आणि आई-बाबांना भाजी मंडई चालत जवळ हवी होती. बांधकाम चालू असलेला प्रकल्प, किंमत ३८ लाख. दोन भांडणं झाली, दोन्ही जिंकले.

पहिलं विसाराचं. बिल्डर म्हणाला, वीस टक्के भरा, करार नंतर सावकाश करू. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या कायद्यानं, नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. मी हे म्हटल्यावर त्यांनी बाबांकडे बघितलं. सगळी बोलणी ते बाबांकडे बघूनच करत होते, पैसे मी देत होते. बाबा म्हणाले, "तिलाच विचारा, मला यातलं कळत नाही." इतका अभिमान मला कुठल्या प्रमोशनला वाटला नाही.

दुसरं जीएसटीचं. कोटेशनमध्ये पाच टक्के लावलेले, १ लाख ९० हजार. घर ४५ लाखांच्या आत आणि महानगरांबाहेर कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ९० चौरस मीटरच्या आत असेल तर दर एक टक्का. आमचं कार्पेट ६८ मीटर. ३८ हजार. "टायपिंग मिस्टेक," म्हणाले.

आणि ते "साडेअकराशेचा फ्लॅट" वगैरे ऐकू नका. जिना, लिफ्ट, बाहेरची भिंत सगळं धरून सांगतात. महारेराच्या साइटवर नोंदणी क्रमांक टाकला की कार्पेट आणि ताब्याची तारीख दोन्ही दिसतं. आमच्या ब्रोशरमधली तारीख आणि तिथली तारीख यांत चौदा महिन्यांचा फरक होता. अर्थात तिथलीच खरी ठरली.

नदीकाठचा

मीटर कुठं बसवलेत?

पुणे-सांगली अप-डाऊन

पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर. मी विचारलं तर म्हणाले, "नवीन डिझाइन आहे."

जरा थांबा म्हणणारा

वाद नको, पण सांगलीत दोन बेडरूमला भाडं नऊ-दहा हजार आणि हप्ता पंचवीस. वीस वर्षं बँकेसाठी राबायचं कशाला? फरकाचे पैसे गुंतवा.

थोरली सून

गुंतवले असते हो, पण घरमालकानं माझ्या सासूबाईंना पापड गच्चीवर वाळत घालू दिले नाहीत. तिथून सगळं सुरू झालं.

आमची खरेदी सासूबाईंच्या आणि माझ्या, दोघींच्याच नावावर. धागा आधी वाचला नव्हता, वकिलांनी सांगितलं. त्यांनी पाटल्या मोडल्या, मी माझं पी.एफ. काढलं. रजिस्टर ऑफिसला सकाळी अकराचा टोकन, सर्व्हर बंद, दीडला नंबर. माझा फोटो, अंगठा झाला. सासूबाईंचा अंगठा मशीन घेईना. तरुणपणी बावीस वर्षं वखारीत हळद निवडायला होत्या, बोटांच्या रेघा घासून गेल्यात. डावा, उजवा, ओला, कोरडा, सगळं झालं. तिथला मुलगा कंटाळला नाही, उलट पदराला बोटं घासायला सांगून परत घ्यायचा. मागं रांग वाढत चाललेली. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "माझं नाव काढून टाक, तुझ्या एकटीचं कर." मी म्हटलं, पाटल्या परत आणून द्या मग. त्या हसल्या, आणि हसताना दाबलेला अंगठा लागला.

पापड गच्चीवर आहेत. कबुतरांचा त्रास आहे, तो वेगळा विषय.

जरा थांबा म्हणणारा

ह्यावर माझ्याकडे एक्सेलशीट नाही.

सात वारस

माधवनगरला जुनं बैठं घर बघितलं, आवडलं, विकणारे दोघे भाऊ अगदी सज्जन. वकिलांनी तीस वर्षांचा सर्च घेतला आणि मिळकत पत्रिकेवर वडिलांनंतर दोघा भावांचीच नावं लागलेली दिसली. वकील म्हणाले, बहिणी नव्हत्या का? होत्या. तीन. शिवाय वारलेल्या थोरल्या भावाची बायको आणि मुलगी. मोजले तर सात वारस. भावांना खरंच वाटत होतं की लग्नात दिलंय म्हणजे झालं. एक बहीण इचलकरंजीची, एक बेळगावची, एकीचा पत्ताच धड नाही. चार महिने गेले. हक्कसोडपत्र करायला तिघी बहिणी एकत्र आल्या तेव्हा म्हणे अकरा वर्षांनी भेटत होत्या. सह्या झाल्यावर धाकटीनं भावाकडे पन्नास हजार आणि आईची पितळी परात मागितली. पैसे लगेच दिले. परातीवरून वाद झाला.

घर घेतलं आम्ही. परात माळ्यावर सापडली, नेऊन दिली.

नवीन सदस्य

सगळं वाचून काढलं. आम्ही शामरावनगरच्या अलीकडे एक घर बघितलंय, रविवारी विसार द्यायचा आहे. एजंट म्हणतो २०१९ ला पाणी दोन गल्ल्या लांब होतं. कुणाला माहीत आहे का?

नदीकाठचा

विसार थांबवा. रविवारी सकाळी सातला तिथं या, मी येतो. कोपऱ्यावर इस्त्रीवाला आहे का बघून ठेवा.