मदत हवी आहे: फक्त टीव्ही टनेलमधून, बाकी घर थेट

मंडळी, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायची मुक्त सिस्टिम) वापरणारं कोणी असेल तर जरा बघा.

राउटरवर वायरगार्डचा (व्हीपीएनचा) टनेल चालू आहे, सर्व्हरशी हँडशेक म्हणजे जोडणी होते, पिंगही जातो. मला फक्त टीव्ही (१९२.१६८.१.५०, आयपी राउटरमध्येच फिक्स केलाय) त्यातून पाठवायचाय. बाकी घर, विशेषतः बायकोचा ऑफिसचा लॅपटॉप, नेहमीच्या लाइनवरच राहू दे.

'अलाउड आयपीज'मध्ये (टनेलमधून कोणते पत्ते जाऊ शकतात ती यादी) ०.०.०.०/० आहे, म्हणजे सगळे आयपीव्ही४ पत्ते. 'राउट अलाउड आयपीज'वर टिक केली की अख्खं घर टनेलमध्ये, काढली की कोणीच नाही. म्हणून टिक काढून पीबीआर पॅकेज (कोणत्या उपकरणाचं ट्रॅफिक कुठून जावं ते ठरवणारं) टाकलं आणि टीव्हीच्या आयपीची पॉलिसी लिहिली. आता टीव्ही जातो, पण अर्धवट: काही अ‍ॅप झटक्यात उघडतात, काहींचं चक्र फिरतच बसतं.

एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) तपासून झालं. लाइन पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडणारी), म्हणजे १४९२. सर्व्हरशी जोडणी आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) वरून, त्यात टनेलच्या वेष्टनाचे ८० वजा जाता १४१२. डीफॉल्ट १४२० होतं, ते बदललं. फायरवॉलमध्ये एमएसएस क्लॅम्पिंगही (टीसीपी पॅकेट आपोआप लहान ठेवणं) चालू आहे. थोडा फरक पडला, इतकंच.

माझा खरा संशय आयपीव्ही६ वर आहे. टीव्हीला तोही पत्ता मिळतो आणि पॉलिसी फक्त आयपीव्ही४ ची, म्हणजे काही ट्रॅफिक बाहेरून निसटत असणार. 'सगळ्या घराचं आयपीव्ही६ बंद कर' असं एकाने सुचवलं, पण टनेलच त्यावर उभा आहे!

तर फक्त टीव्हीचं आयपीव्ही६ कसं अडवायचं? मॅक पत्त्यावरून (उपकरणाच्या हार्डवेअर पत्त्यावरून) नियम लिहू का? आणि टनेल पडला तर टीव्हीने गुपचूप वॅनवरून (थेट इंटरनेट लाइनवरून) न जाता थांबावं, त्यासाठी टीव्हीपुरता रिजेक्टचा (अडवण्याचा) नियम लॅन (घरचं नेटवर्क) ते वॅन असा पुरेल का? कोणाची चालणारी कॉन्फिग असेल तर कृपया टाका, फक्त कीज झाकून.