मदत हवी आहे: जुन्या बुलेटला कोणतं प्रायमरी कव्हर बसेल?

चोपडेकर: लवकर सांगा कोणीतरी. पारोळ्याजवळ गाडी घसरली, इंजिनच्या डावीकडचं क्लच-चेन झाकणारं प्रायमरी कव्हर खालून चिरलं, तेव्हापासून साइड स्टँडला लावली की सकाळी अंगणात बशीएवढा ऑइलचा डाग आणि आईची बोलणी. ऑनलाइन ३५० चं कव्हर मागवलं तर बसेचना, त्याला कडेनं सगळीकडे बोल्टची भोकं आहेत. परतही घेत नाहीत. नेमकं कोणतं घेऊ?

धुळे_डिझेल: साल कोणतं, गिअर कोणत्या पायाला? ३५० तर आजही येते.

चोपडेकर: अहो साधी बुलेट, बाबांची.

केळीबाग_रावेर: विकून टाका भो. मी सेल्फवाली घेतली, किक मारून गुडघे गेले होते माझे.

धुळे_डिझेल: त्यांनी कव्हर विचारलंय, गुडघे नाही.

तापीकाठ: मन्हाकडे बी तशीच व्हती. चिरेवर एम-सील दाबा, रातभर वाळू द्या, पैसे वाचतील.

धुळे_डिझेल: तेल मुरलेल्या ॲल्युमिनियमवर काही धरत नाही. आर्गन वेल्डिंग करा.

तापीकाठ: वेल्डिंगनं कव्हर वाकलं मंग?

भुसावळ_यार्ड: भांडा नंतर. चोपडेकर, कव्हरच्या मधोमध एकच मोठा नट आहे का? गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या?

चोपडेकर: हो हो, एकच नट, गिअर उजवीकडे. २००१ ची आहे. हे सांगायला पाहिजे होतं का?

भुसावळ_यार्ड: तेच तर पहिलं सांगायचं! तुम्ही आणलं ते यूसीई, म्हणजे नंतर आलेल्या एकसंध इंजिनचं, त्यात इंजिन, गिअर, क्लच सगळं एकाच तेलात. तुमचं इंजिन जुनं कास्ट आयर्न, म्हणजे बिडाच्या सिलिंडरचं, त्यात प्रायमरीचं तेल वेगळं आणि कव्हर बसतं एका नटावर आणि कडेच्या रबरी सीलवर. दुकानात 'कास्ट आयर्न, ४ गिअर, उजवा गिअर' असंच सांगा, जुनं कव्हर सोबत न्या, सील नवंच घ्या. डावा फुटरेस्ट आणि ब्रेक पेडल आधी काढावं लागेल. आत वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचा फिरता रोटर स्थिर स्टेटरला घासतोय का बघा, आतली केस चिरली असेल तर नवं कव्हर लावूनही गळेलच. नट जोर लावून आवळू नका, कव्हर वाकतं आणि परत तेच. तेल लेव्हल स्क्रूच्या भोकातून ठिबकायला लागलं की थांबा.

तापीकाठ: तेल ९० नंबर टाका, जाड राहतं, गळत नाही.

भुसावळ_यार्ड: आणि क्लच चिकटला की न्यूट्रल शोधत बसा. २० डब्ल्यू ५० पुरे.

केळीबाग_रावेर: माझी नवी ३५ चा ॲव्हरेज देते, बरोबर आहे ना?

चोपडेकर: आत्ता खोलायला बसलो तर नटाचे कोपरे पार गोल झालेत, पाना फिरतोय नुसता. बाबा म्हणाले, ते मीच, मागे छिन्नीनं उघडलं होतं. आता हा कशानं काढू?