विषय: उत्तर: १७ मेची सुट्टी आणि यादीवरचं ते पत्रक

सर्वांना नमस्कार,

१७ मेला इथे जॉर्जियात, तिबिलिसीत, सुट्टी असल्यामुळे बैठक पुढच्या आठवड्यात घेऊ. दुसरं म्हणजे, परवा आपल्या मंडळाच्या ईमेल-यादीवर समलिंगी हक्कांचं पत्रक आलं. आपण इथे पाहुणे. त्यांची संस्कृती, त्यांचा कायदा. आपण त्यात पडू नये. मेडिकलची मुलं आहेत, उगाच कुणाचा व्हिसा अडचणीत यायला नको.

– खजिनदार

*

काका, नमस्कार.

पत्रक मी टाकलं होतं. मुलांची काळजी मलाही आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

१७ मे हा जगभर समलिंगी-द्वेषाविरुद्धचा दिवस. २०१३ साली त्यासाठी इथे मूठभर लोक जमले, तर पाद्र्यांच्या मागून हजारोंचा जमाव पोलिसांचं कडं तोडून आला. कार्यकर्त्यांना मिनीबसमध्ये कोंबून बाहेर काढलं, तर लोक त्या बसवर तुटून पडले. स्टूल उगारून धावणारा एक पाद्री तर सगळ्या देशाने पाहिला. पुढच्याच वर्षी चर्चने ती तारीख ‘कुटुंबाच्या पावित्र्याचा दिवस’ ठरवली, आणि २०२४ साली सरकारने तिची सुट्टी केली. आपली बैठक पुढे गेली ती या सुट्टीमुळे.

संस्कृतीचं म्हणाल तर, पुरुषांमधल्या संबंधांना तुरुंग हा स्टालिनच्या काळातला सोव्हिएत कायदा. जॉर्जियाने तो २००० साली काढला. आपलं ३७७ कलमही इंग्रजांनीच आणलेलं. २०१४ साली युरोपात व्हिसाशिवाय जाता यावं म्हणून सत्ताधारी ‘जॉर्जियन ड्रीम’ पक्षाने भेदभावविरोधी कायदा केला, त्यात लैंगिक कल स्पष्ट नमूद आहे. दहा वर्षांनी, निवडणूक तोंडावर असताना, त्याच पक्षाने उलटा कायदा आणला: समलिंगींना दत्तक नाही, कागदपत्रांवर लिंगबदल नाही, जाहीर मेळावे नाहीत, शाळेत नि टीव्हीवर ‘प्रचार’ नाही. राष्ट्राध्यक्ष झुराबिशविली यांनी सही नाकारली, तेव्हा सभापतींनी केली. एवढ्यात संस्कृती बदलते का, काका? मतांचं गणित बदललं.

संसदेने हा उलटा कायदा मंजूर केला १७ सप्टेंबर २०२४ला. दुसऱ्या दिवशी केसारिया अब्रामिड्झे या प्रसिद्ध ट्रान्स मॉडेलचा तिच्याच घरात खून झाला.

आपल्यातल्या एका मुलाने मला विचारलं, “ताई, फोनमधले फोटो काढून टाकू का?” समलिंगी असणं इथे आजही गुन्हा नाही, हे मी त्याला सांगितलं. तो तरीही घाबरलेला आहे. घरी सांगता येत नाही, कॉलेजात नाही. मंडळातही नाही, तर कुठे?

*

ताई,

२०१३चं मला माहीत नव्हतं. यादीवर राजकारण नको, हे माझं मत कायम आहे आणि बैठकीत मी तसंच बोलेन. पण त्या मुलाला माझा नंबर द्या. नाव नाही सांगितलं तरी चालेल. रात्री-अपरात्री पोलिसांत जायची वेळ आली, तर एकट्याने जाऊ नको म्हणावं. माझ्याकडे गाडी आहे, जॉर्जियनही येतं.

– खजिनदार