मावशींचा कप वेगळा: मुलांसमोर आपण काय करायचं?

सायली_ठाणे
आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा असतो. ओट्याखाली, फिनाइलच्या बाटलीशेजारी. ही सासूबाईंची पद्धत. त्या मनाने वाईट नाहीत, मावशींच्या मुलीची फी त्यांनीच भरली. माझा मुलगा पाचवीत आहे. पुस्तकात छापलेली संविधानाची उद्देशिका त्याला पाठ आहे. 'दर्जाची व संधीची समानता' घडाघडा म्हणतो आणि त्याच कपातून मावशींना चहा नेऊन देतो. मला वाटतं, सासूबाई रुसल्या तरी चालेल, तो कप मांडणीवर यायला हवा. नवरा म्हणतो, आईचं वय ७८, आता कशाला? तुमचं मत सांगा.

काठावरचा
मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने. त्याच पुस्तकातल्या प्रतिज्ञेत वडीलधाऱ्यांचा मान ठेवीन असंही आहे. मुलासमोर आजीला खाली बघायला लावलंत, तर तो तेच शिकेल. आमच्या गावच्या घरी सालगड्यांचं ताट पडवीत मांडलं जायचं. मी आईशी वाद घातला नाही, माझं ताट उचलून पडवीत त्यांच्या शेजारी जेवायला बसायला लागलो. आई गप्प राहिली आणि मला तिथेच वाढू लागली.

मीरा_देशस्थ
यात जातपात कशाला आणता? स्वच्छतेचा भाग असतो.

पायवाट
मीराताई, त्याच मावशी तुमची कणीक मळतात, सगळी भांडी घासतात. मुलाचा सर्दी झालेला मित्र आला तर त्याला ओट्याखालचा कप देता का?
आणि काठावरचा, प्रतिज्ञेचं ते वाक्य अर्ध्यावर सोडू नका. पुढे 'प्रत्येकाशी सौजन्याने वागेन' आहे. जोतिराव फुल्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी हौद खुला केला, तो स्वतःच्या घरचा. सभेत बोलून थांबले नाहीत. त्याआधी शाळेपायी त्यांना आणि सावित्रीबाईंना वडिलांचं घर सोडावं लागलं होतं. घरातली थोरली माणसं दुखावणार म्हणून ते थांबले असते, तर आज उद्देशिका पाठ करायला आपली मुलं-मुली वर्गात एकत्र बसली असती का?

रेवा_क
माझी आई धुणीभांडी करायची. मी तिच्याबरोबर जायचे, म्हणून लिहिते. कप खुपतो. आईने एका घरी चहाच सोडला होता, 'मला पित्त होतं' असं सांगून. त्या काकूंना शेवटपर्यंत खरं वाटलं.
पण सायलीताई, तुमच्या मुलाला धडा मिळावा म्हणून मावशींना मध्ये उभं करू नका. सासूबाई चिडल्या तर काम कोणाचं जाईल? आधी सासूबाईंशी दार लावून बोला, मग कप हलवा. मावशींना त्या भांडणाची कुणकुणही लागू नये.
कपावर थांबूही नका. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण आठवड्याची सुट्टी द्यायची की नाही हे आजही घरोघरी मालकीणबाईच ठरवतात. मावशी आजारी पडल्या तर पगार कापता का? चहा प्यायला त्या खुर्चीवर बसतात की जमिनीवर? मुलगा त्यांना अहो-जाहो करतो की अगं-तुगं? मुलं हे सगळं टिपतात. मी टिपत होते, आणि त्या घरातली माझ्या वयाची मुलगीही टिपत होती. ती आईला नावाने हाक मारायची.

काठावरचा
रेवाताई, पगारी सुट्टीचं शंभर टक्के मान्य. कपाबद्दल मात्र अजूनही म्हणेन, सायलीताईंनी स्वतःचा चहा त्या ओट्याखालच्या कपात ओतून घ्यावा, सासूबाईंसमोर. बोलायची गरज नाही.

पायवाट
म्हणजे कप ओट्याखालीच राहणार! सून त्यात प्यायली, तरी मावशींना मांडणीवरचा कप मिळाला का?

सायली_ठाणे
दार लावून बोलायचं पटलं, आणि ते नवऱ्याने बोलायचं, त्याची आई आहे. खुर्चीचा विचार मी केलाच नव्हता. स्वयंपाकघरात तीनच खुर्च्या आहेत, चौथी आणतेय.