सन कोरलला प्रकाश पुरत नाही

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रकाश आणि पाणी नीट असेल तर कोरलला (प्रवाळाला) वेगळं खाऊ घालायची गरज नाही, हे म्हणणं अ‍ॅक्रोपोरा या कडक सांगाड्याच्या कोरलपुरतं बऱ्याच अंशी पटतं. त्याच्या पेशींतलं शैवालच बहुतेक ऊर्जा पुरवतं. पण सन कोरल, म्हणजे ट्युबास्ट्रिया, हाही कडक सांगाड्याचाच असून त्याच्यात हे शैवाल मुळीच नसतं. खाणं तुटलं की तो हळूहळू उपाशी मरतो.

इथे न्यू जर्सीत माझ्या टाकीत तो कपारीखाली आहे, सावलीत पण वाहत्या पाण्यात. दिवे मालवल्यावर पंप बंद करून आधी मायसिसचं (कोळंबीसारख्या बारीक जीवांच्या खाद्याचं) थोडं पाणी सोडते. कोरलची पिवळी, बोटांसारखी शुंडकं पूर्ण फुलली की ड्रॉपरने एकेका तोंडाशी मायसिस द्यायचं. टाकीतला क्लीनर झिंगा ते कोरलच्या तोंडातूनही ओढून नेतो, म्हणून कापलेली प्लास्टिकची बाटली कोरलवर पालथी घाला आणि घास गिळून होईपर्यंत काढू नका.