प्रोटॉनचं बाकीचं वस्तुमान कुठून येतं, आणि त्यासाठी प्रतिप्रोटॉनच का?

ऐरोलीची शिक्षिका:
बारावीला फिजिक्स शिकवते. परवा फळ्यावर प्रोटॉनचे क्वार्क लिहिले: दोन अप, एक डाउन. वस्तुमानं साधारण 2.2, 2.2 आणि 4.7 एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं ऊर्जेचं एकक). बेरीज जेमतेम 9, आणि प्रोटॉन 938 चा! तिसऱ्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, बाकीचं कुठून आलं?" क्वार्कना जोडून ठेवणाऱ्या ग्लुऑन कणांची आणि क्वार्कच्या हालचालीची ऊर्जा, असं सांगितलं. तिला ते पटलं नाही, आणि मलाही ते अपुरंच वाटतंय. घरी वाचताना जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या फेअर या कणत्वरक प्रकल्पासाठी आखलेला 'पांडा' प्रयोग दिसला. त्यात हायड्रोजनवर, म्हणजे त्यातल्या प्रोटॉनवर, प्रतिप्रोटॉन (प्रोटॉनचे उलट भाराचे प्रतिकण) सोडायचे आहेत. साधे प्रोटॉन का चालत नाहीत?

वाशीकर:
प्रोटॉन स्वस्त आहे, आपल्या खारघरला तर त्याच्या झोताने कॅन्सरवर उपचार होतात. पण दोन प्रोटॉन आदळले की बॅरिऑन (प्रोटॉनसारखे तीन क्वार्कचे कण) यांची संख्या टिकवायला दोन बॅरिऑन बाहेर पडणारच, आणि ते बरीच ऊर्जा घेऊन जातात. प्रतिप्रोटॉन प्रोटॉनला पुरता मिटवतो. सगळी ऊर्जा एकाच नव्या कणात जाऊ शकते.

नेरूळ, चार्मोनियमवाला:
ताई, माझी पीएचडीची वर्षं यातच गेली, म्हणून थोडं लांबवतो. चार्म क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क यांची जोडी म्हणजे चार्मोनियम. क्वार्कना बांधून ठेवणारं आणि प्रोटॉनला बाकीचं वस्तुमान देणारं तीव्र बल तपासायला याहून नेटकी जागा मला माहीत नाही. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरीत मधे फोटॉन असतो, त्यामुळे जे-साय हा चार्मोनियम कण सरळ बनतो, काय-सी हा दुसरा मात्र सहसा एखाद्या जड चार्मोनियम भावंडाच्या क्षयातूनच मिळतो. प्रतिप्रोटॉनने तोही थेट बनतो.

अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या ई-760 प्रयोगामध्ये साठवलेल्या प्रतिप्रोटॉनांच्या वाटेत हायड्रोजन वायूची बारीक धार सोडली होती. झोताची ऊर्जा कणाकणाने सरकवायची, प्रत्येक पायरीवर घटना मोजायच्या. आलेख चढतो, उतरतो. त्याची रुंदी किती नेमकी मोजता येते हे झोताच्या अचूकतेवर ठरतं, डिटेक्टरच्या नाही. जे-सायची रुंदी जेमतेम 0.09 एमईव्ही आहे, डिटेक्टरला ती दिसलीच नसती. रुंदी कळली की कण किती वेळ टिकतो ते कळतं, आणि आतलं बल कसं वागतं तेही. नुसत्या ग्लुऑनांचा कण, ग्लूबॉल, शोधायलाही हीच वाट: सर्नच्या क्रिस्टल बॅरल प्रयोगाने एफ-झिरो-1500 या संभाव्य ग्लूबॉलचा सखोल अभ्यास केला, तो प्रोटॉन-प्रतिप्रोटॉनच्या याच मीलनातून.

ऐरोलीची शिक्षिका:
उद्या तिलाच गणित देते: लक्ष्य स्थिर, 3097 एमईव्हीचा जे-साय हवा, तर प्रतिप्रोटॉनचा संवेग किती? मला 4.07 जीईव्ही प्रति सी आलाय (1 जीईव्ही म्हणजे 1000 एमईव्ही, सी म्हणजे प्रकाशाचा वेग).

नेरूळ, चार्मोनियमवाला:
बरोबर आहे, ताई.