हिरवा ठिपका म्हणजे काम नव्हे!

अर्धविराम (धागाकर्ता):
परवा एका टीम लीडरची पोस्ट वाचली. "घरून काम करणारा माणूस निम्माच दिवस काम करतो. उपाय तीनच : दिवसभर कॅमेरा, दर दहा मिनिटांनी स्क्रीनशॉट, दर दोन तासांनी रिपोर्ट." खाली टाळ्यांचा पाऊस. तिथे दोन ओळी लिहून गप्प बसलो होतो, पण डोक्यातून जाईना.

असल्याच एका टीममध्ये मी दोन वर्षं काढली आहेत. टीम्सवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस-चॅटच्या अ‍ॅपवर, पाच मिनिटं हालचाल नसली की नावाशेजारचा हिरवा ठिपका पिवळा होतो. तो पिवळा झाला की साहेबांचा मेसेज : "ऑल ओके?" त्या धाकाने मी कागदावर आकृत्या काढणं सोडलं. विचार करायचा तोही माउस हलवत! शेवटी एका सहकाऱ्याने युक्ती सांगितली. काट्यांचं मनगटी घड्याळ टेबलावर ठेवायचं आणि तबकडीवर माउस. खालून सेकंदकाटा फिरतो, कर्सर किंचित थरथरतो, ठिपका हिरवाच. त्या महिन्यात टीममधला सगळ्यात 'हजर' माणूस मी होतो. काम? यथातथाच.

रिपोर्टचंही तसंच. दिवसाला चार, प्रत्येकी पंधरा मिनिटं. म्हणजे काय केलं हे लिहिण्यात तासभर गेला.

माझा उपाय साधा : काम नेमकं लेखी द्या, 'झालं' म्हणजे काय ते आधी ठरवा, तारीख द्या, अडलं तर कुणाला गाठायचं ते सांगा आणि मग बाजूला व्हा. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांनी सीट्रिप या चिनी कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग केला होता. जन्मतारीख सम की विषम यावरून घरी कोण नि ऑफिसात कोण ते ठरलं. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. अजून काय पुरावा हवा?

शेवटचा डेस्क:
१३ टक्के सगळेच फेकतात, पुढचं कुणी वाचत नाही. त्या १३ पैकी साधारण ९ आले ते शिफ्टमध्ये जास्त मिनिटं काम झालं म्हणून. मधल्या सुट्ट्या कमी, आजारपणाच्या रजा कमी. शिवाय काम कॉल घेण्याचं, प्रत्येक कॉल मोजलेला. म्हणजे देखरेख होतीच की! आणि प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितली, तेव्हा घरी बसलेल्यांपैकी निम्मे परत ऑफिसात आले. एकटं वाटतं म्हणून.

आता माझं ऐका. अकरा जणांची टीम. त्यातला एक पठ्ठ्या डेमोला चुकीची स्क्रीन शेअर करून बसला. समोर दुसऱ्याच कंपनीचा टिकेट बोर्ड (कुणाकडे कोणतं काम त्याची यादी), त्यावर ह्याचं नाव! आठ महिने दोन नोकऱ्या चालू होत्या. त्या दिवसापासून स्क्रीनशॉट सुरू केले. तुम्ही विश्वासाच्या गप्पा मारा खुशाल.

अर्धविराम:
त्या आठ महिन्यांत त्याने किती तारखा चुकवल्या?

शेवटचा डेस्क:
एकही नाही. तेच तर जास्त लागलं.

अर्धविराम:
मग काम कमी दिलं होतं, किंवा काम किती लागतं हे तुम्हालाच ठाऊक नव्हतं. एकाच्या लबाडीची शिक्षा बाकी दहा जणांना कशाला?

शेवटचा डेस्क:
करार एका नोकरीचा होता. असो, ज्याने टीम चालवलीच नाही त्याच्याशी काय वाद घालायचा.

खिडकीजवळची:
तुमचं चालू द्या. मला फक्त कॅमेऱ्याबद्दल बोलायचं आहे.

आमच्याकडे खोली एक आणि काम करणारे दोघं. माझ्या पाठीमागे कपड्यांची दोरी, कारण दुसरीकडे जागाच नाही. बॅकग्राउंड धूसर करावी तर जुना लॅपटॉप धापा टाकतो. एकदा सोळा जणांसमोर मॅनेजर हसत म्हणाले, "मॅडम, जरा आवरून बसत जा." त्या मीटिंगमध्ये मी पुढे काय बोलले ते मला आठवतही नाही. दोरीवरचा टॉवेल तेवढा आठवतो. नंतर आठवडाभर रोज मीटिंगआधी वीस मिनिटं मी भिंत सजवत होते. ही माझी उत्पादकता!

दारावरची बेल:
+१. आणि रात्री दहाला "फक्त दोन मिनिटं" म्हणून येणारे फोन? त्यावर कुणी बोलत नाही.

पहिली बॅच:
खिडकीजवळची, तुमच्या मॅनेजरने केलं ते वाईटच. पण कॅमेरा सरसकट बंद, हेही मला मान्य नाही. मी नव्यांना शिकवते. चौदा काळे चौकोन आणि मी एकटी बडबडतेय. "कळलं का?" विचारलं की चौदा अंगठे वर. एका मुलीला तीन आठवडे टेस्ट सर्व्हर आणि खरा सर्व्हर यातला फरक कळलेला नव्हता. तिने खऱ्यावरचा डेटा पुसला तेव्हा आम्हाला कळलं. समोर बसली असती तर पहिल्याच दिवशी चेहऱ्यावरून ओळखलं असतं.

खिडकीजवळची:
नवखीच्या हातात खऱ्या सर्व्हरची परवानगी दिली कुणी? कॅमेऱ्याने?

पहिली बॅच:
ती चूक आमची, मान्य. तरी शिकवणाऱ्याला चेहरा दिसायला नको का?

खिडकीजवळची:
चेहरा बघून शिकवायला ती शाळेत नाही आली, नोकरीला आलीय. तिला एकटीला फोन करून विचारलं असतं तर सांगितलं असतं तिने. चौदा जणांत कोण म्हणेल मला कळलं नाही?

पहिली बॅच:
चौदा जणांना रोज एकेक फोन करून बघा, मग मला शिकवा! जरा भाषा सांभाळा.

दारावरची बेल:
मूळ धागा ठिपक्याचा होता ना?

अर्धविराम:
होता. त्यासाठीच ब्लूम यांचंच पुढचं सांगतो. त्याच कंपनीत, आता तिचं नाव ट्रिप डॉट कॉम, १,६१२ जणांवर प्रयोग झाला. आठवड्यातले दोन दिवस घरून. निष्कर्ष २०२४ मध्ये आले. कामगिरीत फरक नाही, बढत्यांत नाही, राजीनामे मात्र एक तृतीयांशाने घटले. आधी तिथल्या मॅनेजरांनाही वाटत होतं की काम घटेल. प्रयोगानंतर त्यांचंच मत उलटलं.

शेवटचा डेस्क:
दोन दिवस घरी, तीन दिवस ऑफिसात. म्हणजे माझाच मुद्दा झाला की! पूर्ण वेळ घरी बसवणं वेगळं. आणि २०२२ च्या मायक्रोसॉफ्टच्या सर्वेक्षणात ८७ टक्के कर्मचारी म्हणाले, आम्ही उत्तम काम करतो. स्वतःच्या पेपराला स्वतःच मार्क दिले तर दुसरं काय होणार?

अर्धविराम:
त्याच सर्वेक्षणात टीमवर पूर्ण भरवसा असलेले बॉस फक्त १२ टक्के होते. न बघता नापास करणारे बाकीचे.

शेवटचा डेस्क:
बरं बाबा. स्क्रीनशॉट महिनाभर बंद करून बघतो. खरं सांगायचं तर मागच्या महिन्यात एकाच्या स्क्रीनशॉटमध्ये त्याची बँक शिल्लक दिसली, तेव्हापासून ते उघडायला मलाच नको वाटतं. पण रोज संध्याकाळी पाच ओळी हव्यातच.

अर्धविराम:
पाच ओळींना कुणाचीच ना नाही. चार रिपोर्टांना होती.

खिडकीजवळची:
आणि कॅमेरा?

शेवटचा डेस्क:
नव्या मुलांना पहिला महिना सक्तीचा. तुमच्यासारख्यांना सूट.

खिडकीजवळची:
मी सूट मागितलीच नाही. नियम बदला म्हणतेय.